बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, तरी गाडी गप्प

आमच्या सांगलीत गाडी सुरू होईना म्हटलं की सल्ला मागायला कुणाकडं जावं लागत नाही. बॉनेट उघडून उभं राहिलं की पुरे. पानपट्टीवरचा माणूस, रिक्षावाला, पेन्शन आणायला निघालेले गुरुजी, सगळे येऊन डोकावतात आणि सगळ्यांचं निदान एकच असतं, "बॅटरी गेली." बॅटरी नवीनच आहे म्हटलं की, "मग सेल्फ गेला," म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटार. सेल्फही चांगलाय म्हटलं की, "मग वायरिंगमध्ये काहीतरी असणार बघा," आणि एवढं बोलून माणूस आपल्या वाटेला लागतो. वायरिंगमध्ये शिरायची कुणाची तयारी नसते. माझ्या गाडीचं दुखणं त्या तिसऱ्या वाक्यात होतं.

माझा धंदा मंडप-लायटिंगचा. लग्नं, बारशी, गणपती, जत्रा, अधूनमधून एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. इंजिनातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही, पण वायर आणि मी एकमेकांना ओळखून आहोत. जॉइंट हाताला गरम लागला की तिथं घोळ आहे, हे मी कामावर आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो. बाकी शिकायला आयुष्य पडलंय.

गाडी २०११ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची छोटी. जनरेटर आणि पाइप टेम्पोतून जातात. ह्या गाडीत अँप्लिफायर, माळा, बोर्ड आणि मी. दुखणं असं की सकाळी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. गणपती पेठेत होल्डर नाहीतर टेप घ्यायला अर्धा तास थांबायचं, परत येऊन चावी फिरवायची, की टक. एकच टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मागं रिक्षांचे हॉर्न सुरू. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की मग काही झालंच नाही अशा थाटात लागायची. गॅरेजच्या दारात नेली की हमखास लागायची. कायमचं बंद पडलेलं यंत्र परवडतं, पण मनात आलं तर चालणारं नको. घरातून निकाल लागून गेला होता, "अहो, मिरजेला दवाखान्यात जायचं असलं तर मी सिटी बसनं जाईन."

एका गॅरेजनं नवीन सेल्फ टाकायला सांगितलं. जुना परत घेऊन साडेचार हजार. मी म्हटलं, बघतो.

शंभर फुटी रस्त्यावर माझे एक ओळखीचे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. वय झालंय, डोळ्याला जाड चष्मा, पण कान शाबूत. मी त्यांना मेस्त्रीच म्हणतो, ते मला मालक म्हणतात, आणि दोघांनाही माहीत आहे की मालक-बिलक कुणी नाही. फोनवर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"एकदाच टक म्हणते का टकटकटकटक करते?"

"एकदाच."

"बरं. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट बसतो का तसाच राहतो?"

मी फोन कानाला तसाच ठेवून समोरच्या भिंतीवर लाइट पाडून बघितलं. लाइट किंचित हलला, बाकी तसाच.

"मग बॅटरीच्या नादाला लागू नका मालक. आणि सेल्फ घ्यायचीबी घाई नको. करंटच आत जाईना झालाय की ओ. वाटेत कुठं अडलाय ते बघा."

ह्या दोन प्रश्नांत निम्मं निदान असतं, म्हणून जरा फोड करून सांगतो. सेल्फच्या पाठीवर जो लहान डबा असतो तो सॉलेनॉइड. चावी फिरवली की बारीक वायरीतून त्याला करंट जातो आणि तो आतला दट्ट्या ओढून घेतो. त्या ओढण्यानं दोन कामं होतात. बेंडिक्स, म्हणजे सेल्फच्या टोकाचा छोटा गिअर, पुढं सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दात्यांत बसतो, आणि आतली तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटून बॅटरीचा दांडगा करंट मोटारीला देते. आपल्याला ऐकू येतो तो 'टक' ह्या आपटण्याचा. बॅटरी लेचीपेची असली तर मोटारीनं करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइडची पकड सुटते, सुटली की व्होल्टेज पुन्हा वर येतं, की पुन्हा ओढतो. ती टकटकटकटक. एकदाच टक झाला आणि गप्प, म्हणजे सॉलेनॉइडनं आपलं काम केलं, पण मोटार फिरली नाही. आणि टकसुद्धा नाही झाला तर मग चावीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा ती बारीक वायर. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथं क्लचखालचा स्विचही बघावा.

हेडलाइटचं असं. सेल्फ मारताना लाइट पार विझत आला तर एकतर बॅटरीत दम नाही, किंवा मोटार आत जाम होऊन नुसता करंट खातेय. लाइट जवळजवळ तसाच राहिला आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर बॅटरीवर भारच पडलेला नाही. भार पडला नाही म्हणजे पुरेसा करंट वाहिला नाही. मेस्त्रींचा मीटर म्हणजे हेडलाइट, आणि तो कधी बंद पडलेला मी पाहिलेला नाही.

इथून पुढचं काम माझ्या धंद्यातलं होतं, म्हणून मी उत्साहात आलो.

हजार वॅटचा हॅलोजन आमच्या २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फही साधारण तेवढ्याच ताकदीचा, किलोवॅटच्या आसपासचा. पण तो चालतो १२ व्होल्टवर. तेवढेच वॅट तिथं काढायचे तर ८० अँपिअरच्या वर जातात, आणि प्रत्यक्षात इंजिन फिरवताना शंभर-दीडशे, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. मैदानात लांब वायर टाकली आणि टोकाला चार व्होल्ट कमी आले तर नवरदेवाकडच्यांनाही कळत नाही. २३० तले चार काय नि पाच काय. पण १२ मधले चार गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. गाडीत वायर जाड का असते आणि एवढासा गंज तिथं एवढा का छळतो, ते ह्या हिशेबात आहे.

आणखी एक. वायर तपासायची म्हणून लोक मीटर बीपवर ठेवतात, दोन टोकं लावतात, बीप वाजली की वायर पास. ते बारीक वायरीला ठीक. शंभर तारांच्या जाड वायरीतल्या नव्वद तुटल्या, दहा राहिल्या, तरी बीप तेवढीच खणखणीत वाजते. दोष असतो ओहमच्या विसाव्या हिश्श्याचा, आणि मीटरच्या स्वतःच्या पिनाच त्याहून जास्त दाखवतात. जाड वायरीचा खोटेपणा ती कामाला लावल्याशिवाय उघडा पडत नाही. करंट वाहत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट दिसतात ते बघायचं. चांगल्या वायरीच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच दिसत नाही. जे दिसतं ते ती वाटेत खातेय.

संध्याकाळी गाडी मुद्दाम कुपवाडपर्यंत फिरवून आणली, इंजिन चांगलं तापवलं, आणि शामरावनगरात घरासमोर लावली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हे पहिलं, कारण बॉनेटमध्ये हात असताना गाडी गिअरमध्ये हलली तर पुढं काय होतं ते लिहायला नको. हातातलं कडं काढून खिशात. बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला कडं एकदम टेकलं तर ते तापून लाल होतं, आणि मनगट आत असतं. पोरगं चावीवर बसवलं. त्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा फिरवायची, म्हणेन तेव्हा सोडायची, आणि दहा सेकंदांच्या वर कधी धरायची नाही. सेल्फची मोटार थोडा वेळ मरमर काम करण्यासाठीच बनवलेली असते, सलग मारत राहिलं तर आतलं वायंडिंग जळतं.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला.

आधी बॅटरी नुसती, काही चालू नसताना: १२.६. म्हणजे भरलेली. (१२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली रिकामी समजायची. पण गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा उगाच चढा दिसतो, म्हणून मी थोडा वेळ हेडलाइट लावून, मग बंद करून बघतो.)

"मार." टक. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ११.९. चांगल्या गाडीत सेल्फ फिरत असताना हा आकडा दहा-साडेदहापर्यंत उतरतो, साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इथं तो उतरायलाच तयार नव्हता. मेस्त्रींच्या हेडलाइटनं सांगितलं तेच मीटरनं सांगितलं.

मग प्लसची बाजू. एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर. खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, तिच्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्पच्या मधला घोळ सुटून जातो. दुसरी पिन खाली सेल्फच्या जाड बोल्टावर. तिथं हात पोचवताना कोपर सोलून निघालं. "मार." ०.३. चालेल. अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की मी प्लसच्या वाटेला जात नाही.

मग मायनसची बाजू. एक पिन मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इथं साधारण पाव व्होल्टच्या आत हवं.

"मार."

४.१.

मी पिन उचलून पुन्हा नीट दाबून धरली. "परत मार." ४.१. पोरगं आतून विचारतंय, "पप्पा, सापडलं काय?" सापडलं होतं. ११.९ मधले ०.३ जाताना गेले, ४.१ परत येताना गेले, सेल्फच्या वाट्याला साडेसात राहिले. साडेसातावर सॉलेनॉइड कसाबसा ओढतो, पण गरम इंजिन फिरवायची मोटारीची काय टाप.

लोक प्लसची वायर दहा वेळा बघतात आणि मायनसची एकदाही बघत नाहीत. मायनस काय, बॉडीच असते की, असा समज. पण इंजिन बॉडीला चिकटलेलं नसतं, ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसपासून एक वायर बॉडीला आणि एक जाड वायर थेट गिअरबॉक्सला दिलेली असते. सेल्फचा परतीचा सगळा करंट त्या एका वायरीच्या भरवशावर. ती मेली की करंट दुसरी वाट शोधतो.

माझ्या गाडीत त्यानं कुठली शोधली होती? सवयीनं मी, चावी काढून, बॉनेटमध्ये जिथंतिथं हात लावून बघत होतो, आमच्या जॉइंटना बघतो तसा. क्लचची केबल कोमट लागली. एक्झॉस्टपासून ती चांगली लांब आहे, शेजारची रबरी नळी तेवढी तापलेली नव्हती. क्लचची केबल म्हणजे आत पोलादी तार, वर धातूचं वेटोळं, एक टोक बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला. सेल्फचा करंट बॉडीतून ह्या केबलमधून इंजिनात जाऊ बघत होता. असं बरेच दिवस चाललं की केबल आतून जळून आवळते आणि मग क्लच जड झाला म्हणून माणूस तिसऱ्याच गॅरेजात जातो. तिथं क्लचप्लेट बदलून मिळते.

खात्रीसाठी जंपची, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी गाडी लावायची, एक काळी वायर काढली. एक चिमटा मायनस खुंटीला, दुसरा इंजिनच्या लिफ्टिंग हुकाला. "मार." टक झालाच नाही, म्हणजे झाला असेल पण ऐकायला उसंत मिळाली नाही. गाडी चालू. चिमटा काढून, बंद करून, पुन्हा मारला: टक. चिमटा लावला: चालू. पोरगं म्हणालं, "एवढंच?" एवढंच. पण हे एवढंच कुठं आहे ते कळायला आधीचा सगळा खटाटोप.

अडकलेल्या दिवसांत मी गाडी ढकलून लावायचो, ते ह्याच कारणानं जमत होतं. बॅटरी भरलेली होती, पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर चालत होते, फक्त सेल्फ फिरत नव्हता. दुसरा गिअर, चावी ऑन, क्लच दाबून ढकलायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. आताच्या इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर मात्र कितीही ढकला, पंपच चालत नाही तर पेट्रोल कोण देणार. ऑटोमॅटिक गिअरवाल्यांनी तर ढकलण्याच्या फंदात पडूच नये. आमच्या वडिलांच्या काळात जीपला, अॅम्बॅसेडरला पुढून हँडल घालून फिरवायची सोय होती. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, म्हणून अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, गुंडाळायचा नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला, तेव्हापासून जगाची मनगटं वाचली. आपली जरा उशिरानं वाचली.

दुसऱ्या दिवशी वायर उतरवली. बॅटरीचं काम करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. दहाच्या पान्यानं क्लॅम्प, बाराच्या पान्यानं गिअरबॉक्सवरचा बोल्ट. तो बोल्ट हलेना. गंज सोडवणारं औषध मारून, चहा पिऊन आलो, मग हलला.

बाहेरून वायर धडधाकट दिसत होती. पण हातातून सरकवत नेली तर गिअरबॉक्सकडच्या लगपासून, म्हणजे बोल्टात अडकणाऱ्या टोकापासून, वीतभर अंतरावर ती फुगलेली लागली, बेडूक गिळलेल्या धामणीसारखी. ब्लेडनं वरचं प्लास्टिक चिरलं. आतून हिरवट-पांढरी भुकटी सांडली. तारा काळ्या पडलेल्या, चिमटीत धरून वाकवल्या की मोडत होत्या. मधल्या चार-दोन तेवढ्या तांब्याच्या रंगाच्या उरल्या होत्या आणि त्याच इतके दिवस गाडी ओढत होत्या. इंजिन गार असलं की भागायचं. तापलं की तारांचा रोध वाढायचा, लगच्या तोंडाशी सगळं ढिलं व्हायचं आणि गणपती पेठेत माझा तमाशा व्हायचा.

वायर अशी का झाली ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७.५ फुटांवर गेली होती. इशाऱ्याची पातळी ४०, धोक्याची ४५. आम्ही माणसं आणि अँप्लिफायर वर चढवले, गाडी गल्लीतच राहिली. पाणी उतरल्यावर इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, ब्रेक खोलून धुतले, सेल्फ उतरवून आतला गाळ काढला, सीटा गच्चीवर वाळवल्या. केबलकडं कुणी बघितलं नाही, आणि बघून दिसलंही नसतं. लगच्या तोंडातून पाणी तारांच्या फटींत शिरतं, वातीतून तेल चढावं तसं वर चढतं, आणि प्लास्टिकमुळं वाळत नाही. मग तांबं सावकाश सडत जातं, वर्षानुवर्षं. २०२१ ला पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेलं तेव्हा मी गाडी आधीच विश्रामबागेत नेऊन लावली होती, पण वायरीत रोग आधीच शिरलेला. पुरात राहिलेली गाडी कुणी स्वस्तात घेत असेल तर त्यानं सीट आणि कार्पेटचा वास घेत बसण्यापेक्षा ह्या वायरी चाचपून बघाव्यात.

नवीन वायर मी घरच्या सामानातून केली. वेल्डिंगची २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. तारा बारीक आणि भरपूर, म्हणून इंजिन हललं तरी ती लवचीक राहते. दोन्ही टोकांना कल्हई केलेले तांब्याचे लग, हातोड्यानं ठेचून नाही तर क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबून. हातोड्यानं ठेचलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, आत हवा राहते, आणि तिथूनच पुढचा पूर शिरतो. वरून श्रिंक स्लीव्ह तापवून आवळली. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली. ऑइल, माती, रंग, काहीही मध्ये राहता कामा नये. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा हात फिरवला. बॅटरीच्या खुंट्या घासून व्हॅसलीन लावलं.

मग पुन्हा मीटर. आता गाडी लगेच लागत असल्यानं मोजायला वेळ मिळेना, म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून नुसता सेल्फ फिरवला. मायनसच्या बाजूला ०.१५. आणि बॅटरीच्या खुंट्यांवर १०.५. पोरगं म्हणालं, "आधी ११.९ होतं की, आता कमी का?" प्रश्न चांगला होता. आधी बॅटरीला काम मिळत नव्हतं म्हणून ती ताजीतवानी दिसत होती. आता सेल्फला पोटभर करंट जातोय, म्हणून ती वाकतेय, आणि तिनं एवढं वाकायलाच हवं.

तरी एकदा सेल्फ मेस्त्रींकडं नेला, कारण इतके दिवस अर्ध्या व्होल्टेजवर मारून मारून आत काय झालंय ते बघायचं होतं. त्यांनी दोन लांब बोल्ट सोडून तो पेपरवर मांडला. मोटारीच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन अजून बरेच शिल्लक होते, पण एक स्प्रिंग मंद झालेली. ते कार्बन ज्याच्यावर घासतात तो आर्मेचरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, कम्युटेटर काळा पडला होता, तो बारीक पॉलिश पेपरनं पुसला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा मोडक्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकानं मोकळ्या केल्या. सॉलेनॉइड उघडल्यावर आतली तांब्याची चकती एका बाजूनं खड्डे पडून गेलेली. मेस्त्रींनी ती काढून उलटी बसवली. कोऱ्या बाजूनं. "कंपनीनं दोन बाजू कशाला दिल्यात?" असं वर मलाच विचारलं. बेंडिक्स सरकतो तिथं ग्रीसचा नुसता वास लावला, कारण जास्त लावलं तर क्लचची धूळ बसून तो तिथंच अडकतो. मग सेल्फ पायाखाली दाबून धरून बॅटरीवर थेट फिरवून दाखवला. जमीन हादरली. मजुरी मी देऊ केली त्याच्यापेक्षा त्यांनी कमी घेतली आणि माझी कापलेली जुनी वायर टपरीत खिळ्याला अडकवून ठेवली. गिऱ्हाइकाला दाखवायला बरी म्हणे.

हे सगळं मी गल्लीत रंगवून सांगितल्यामुळं पलीकडच्या घरातले दादा परवा सकाळी सकाळी दारात. त्यांची डिझेल गाडी, तीही लागत नव्हती. "तुमच्यासारखंच असणार, अर्थिंगची वायर करून द्या." मी म्हटलं, आधी सेल्फ मारा, ऐकू द्या. टकटकटकटक. हेडलाइट पार मेलेला. बॅटरी नुसती १२.३ दाखवत होती, सेल्फ मारताच आठच्या खाली. मायनसच्या बाजूला ०.२, प्लसला ०.३, दोन्ही वायरी निर्दोष. माझ्या गाडीवरून जंप दिला. लाल वायर दोन्ही प्लसना, काळीचं एक टोक माझ्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक त्यांच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडते, त्या दोघांची गाठ पडू नये म्हणून. गाडी चालू झाल्यावर खुंट्यांवर १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही व्यवस्थित. राहिली फक्त बॅटरी, आणि तिच्यावरच्या कार्डावर पाच वर्षांपूर्वीची तारीख.

"म्हणजे बॅटरीच गेली?" दादा जरा नाराज झाले. पानपट्टीवाला तेच म्हणाला होता.

जुनी बॅटरी दिली की किमतीत काहीशे रुपये सुटतात, ते सोडू नका म्हणून सांगितलं. दुपारी नवीन बसवून आले. मीटर मात्र अजून त्यांच्याचकडं आहे, आणि उद्या कवठेमहांकाळला लग्नाची ऑर्डर आहे, तेव्हा आता उठून ते मागून आणतो.